भांगेच्या खोडाची भिंत

आज पन्हाळ्याच्या पायथ्याला, भावाच्या रानात, खोपीची पहिली भिंत कमरेपर्यंत आली. हेम्पक्रीटची! हेम्पच्या, म्हणजे भांगेच्या, खोडातल्या गाभ्याचा भुसा, चुना आणि पाणी, बस्स. छपराचा भार लाकडी सांगाड्यावर. भिंतीचं काम ऊन-थंडी अडवायचं.

कालवलेला माल मुठीत दाबून बघायचा. गोळा धरला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. मग फळ्यांच्या मध्ये थर टाकून हलक्या हातानं चेपायचं. "जोरात ठोकायचं न्हाई व्हय ताई?" मिस्त्रीमामा सारखे विचारत होते. त्यांचा जन्म काँक्रीट ठोकण्यात गेलेला! पण जास्त ठोकलं की आतली हवा जाते, आणि गारवा राहतो तो त्या हवेमुळंच. संध्याकाळी फळी सोडल्यावर मामांनी भिंतीवरनं तळहात फिरवला. चुन्यात माखलेली काडी न् काडी दिसत होती. "हलकं हाय, पर धरलंय," म्हणाले.

वेरूळच्या लेण्यांच्या गिलाव्यात भांगेचा वापर झाल्याचं संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झालं. आपल्याच मातीतली ही विद्या, आणि भुसा मात्र लांबून मागवावा लागतो, याची मला मनापासून खंत वाटते. उत्तराखंडनं २०१८ मध्ये लागवडीचे परवाने द्यायला सुरुवात केली. आपल्याकडंही व्हायला पाहिजे.

भिंत वाळायला काही आठवडे लागतील, म्हणून दिवाळीनंतरच काम काढलं. आपला पाऊस बघता जोतं दगडी आणि वळचण लांब ठेवलीय. गिलावा चुन्याचाच, सिमेंट अजिबात नाही. भिंतीला श्वास घेता आला पाहिजे. कुणाला बघायचं असेल तर रविवारी या, काम चालूच आहे.