त्या गुरुवारी गर्दी दुसरीकडेच होती

२० जून २०१९. वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या संसदेच्या परिसरात, कॅमेऱ्यांची झुंबड उडाली होती ती हुजूर पक्षाच्या नेतेनिवडीच्या शेवटच्या फेऱ्यांसाठी. मी तेव्हा मजूर पक्षाच्या एका खासदारबाईंकडे संशोधन सहायक होतो आणि शस्त्रनिर्यातीचं काम माझ्याकडे होतं. म्हणजे दर तिमाहीला सरकारनं प्रसिद्ध केलेले परवान्यांचे तक्ते चाळायचे आणि प्रश्न काढायचे.

त्या दिवशी अपील न्यायालयानं निकाल दिला: सौदी अरेबियाला शस्त्रं देण्याचे परवाने ज्या पद्धतीनं मंजूर झाले, ती बेकायदा. निकालपत्र छापून घेतलं आणि पेन्सिल घेऊन बसलो. मुद्दा साधा होता. मानवतावादी कायद्याच्या, म्हणजे युद्धात नागरिकांचं रक्षण करणाऱ्या नियमांच्या, गंभीर भंगासाठी शस्त्रं वापरली जाण्याचा स्पष्ट धोका असेल, तर परवाना द्यायचा नाही, हा सरकारचाच निकष. पण सौदी आघाडी जिथं युद्ध करत होती त्या येमेनमध्ये याआधी तिच्याकडून असा भंग झाला होता का, याचा निष्कर्ष सरकारनं काढलाच नव्हता. तसा प्रयत्नही केला नव्हता.

हे संसदेला का पकडता आलं नाही? चार स्थायी समित्यांचे सदस्य मिळून शस्त्रनिर्यातीवर नजर ठेवत, पण परवाना दिल्यानंतर. बैल गेला आणि झोपा केला! स्वीडनमध्ये संसदेतल्या पक्षांच्या प्रतिनिधींशी आधी सल्लामसलत होते. अमेरिकेत मोठे सौदे आधी काँग्रेसला कळवावे लागतात. इथं तक्ते यायचे, तेही अर्धेमुर्धे: 'खुल्या' परवान्यांवर, म्हणजे एकाच परवान्यावर वारंवार माल पाठवता येणाऱ्या परवान्यांवर, किती माल, किती किमतीचा, काहीच नाही. शिवाय २०१६ मध्ये येमेनवरूनच समित्या फुटल्या. दोघींनी निर्यात थांबवा म्हटलं, परराष्ट्र समितीनं वेगळा अहवाल काढून न्यायालयाची वाट पाहा म्हटलं. खासदारांनीच चेंडू कोर्टाकडे टोलवला, तर नंतर तक्रार कुणाची करायची? न्यायाधीशांना बंद दाराआड गोपनीय कागद तरी बघायला मिळाले.

व्यापारमंत्री लियम फॉक्स निवेदन करायला उभे राहणार म्हटल्यावर बाईंनी दोनच ओळींचा प्रश्न मागितला. मी लिहून दिला: जुने परवाने फेरतपासणी होईपर्यंत थांबवणार का? त्यांची पाळी आलीच नाही. फॉक्स यांनी सांगितलं ते एवढंच: अपील करू, आणि येमेनमध्ये वापरल्या जाऊ शकतील अशा मालाचे नवे परवाने तूर्त देणार नाही. जुने परवाने चालूच राहिले.

संध्याकाळी अंतिम दोन नावं ठरली, जॉन्सन आणि हंट. एक माजी परराष्ट्रमंत्री, एक विद्यमान. या परवान्यांवर सल्ला द्यायचं काम याच खात्याचं. टीव्हीवर ते कुणी बोलल्याचं मला तरी ऐकू आलं नाही.

सप्टेंबरमध्ये, 'नवे परवाने नाहीत' हा शब्दही चुकून मोडल्याचं सरकारला कबूल करावं लागलं. जुलै २०२० मध्ये परवाने पुन्हा सुरू झाले: कायदाभंगाचे घडले असतील ते प्रकार 'तुरळक' होते, असं सांगून. तुरळक म्हणजे किती, हा माझ्या यादीतला पुढचा प्रश्न होता.