लळा की ऊब?

"मामा, त्याला तुझा लळा लागलाय बघ!" भाची म्हणाली. साप माझ्या मनगटाला वेटोळं घालून निवांत पडला होता.

मी हसलो खरा. पण लळा कसला? त्याला स्वतःची ऊब तयार करता येत नाही आणि माझं मनगट गरम. एवढाच काय तो व्यवहार.

जिन्याखाली बुटाच्या खोक्यात सापडलेला हा कॉर्न स्नेक. बिनविषारी. कुणाला तरी हवासा आणि मग नकोसा झालेला.

तेवढ्यात त्याचे डोळे दिसले. दुधाळ, निळसर. म्हणजे कात टाकायला आलाय. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावरची पारदर्शक खवलीसुद्धा कातीबरोबरच निघते. या दिवसांत त्याला धड दिसत नाही, हात लावलेला खपत नाही. आणि मी त्याला मिरवतोय!

मुकाट्याने परत ठेवला. क्षणात खापराखाली गडप.

सोडून दे, म्हणतात सगळे. पण हा मूळचा अमेरिकेतला. इथे सोडायचा कुठे? नीट सांभाळला तर १५-२० वर्षं जगेल. जाणत्या माणसाकडे द्यायला हवा, हे कळतं.

मग फोन अजून का केला नाही मी? त्याच्यासाठी, की भाचीच्या त्या वाक्यासाठी?