इंग्लंडात जुनी स्पोर्ट्स कार घेताना आधी खाली वाका

नोकरीसाठी इकडे आलेल्या आपल्या मंडळींना वर्ष-दोन वर्षांत एक प्रश्न हमखास पडतो: सात-आठ हजार पौंडांत दोन सीटची, टप उघडणारी, मागच्या चाकांवर चालणारी चांगली गाडी मिळेल का? मिळते. तेवढ्या पैशांत पुण्यात एक नवी हॅचबॅक दारात येते. इथे त्यात जुनी माझ्दा एमएक्स-५ येते, टोयोटा एमआर२ येते, निसान ३५०झेड येते, अगदी पोर्श बॉक्स्टरसुद्धा येते. गाड्या भरपूर आहेत आणि स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे.

अडचण पारख करण्याच्या सवयीत आहे. आपण बोनेट उघडतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, एसी लावून बघतो, रंगावरून हात फिरवतो. इथे या गाड्या बहुतेक वेळा इंजिनामुळे भंगारात जात नाहीत, खालचा पत्रा कुजल्यामुळे जातात. थंडीत पारा शून्याकडे उतरू लागला की कौन्सिलचे ट्रक रात्री रस्त्यांवर खडेमीठ टाकत फिरतात. तांबूस-तपकिरी रंगाचं हे मीठ चेशरमधल्या विन्सफर्डसारख्या खाणींतून येतं. त्याने बर्फ धरत नाही, पण तेच खारं पाणी चाकांनी उडून गाडीच्या पोटात जाऊन बसतं. मालवण-वेंगुर्ल्याकडे खाऱ्या हवेने खिडकीचे गज कसे सोलपटून निघतात ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना वेगळं सांगायला नको. पंधरा हिवाळे असं पाणी प्यालेली गाडी वरून आरशासारखी चकचकीत असू शकते.

म्हणून माझा सल्ला ठाम आहे. ताकद, रंग, अलॉय व्हील यांच्या आधी गंज बघा, आणि बजेटचा पाचवा हिस्सा बाजूला ठेवा. आठ हजार असतील तर गाडी साडेसहा हजारांपर्यंतचीच पाहा. उरलेले पैसे पहिल्या वर्षातले टायर, ब्रेक, ऑईल आणि एखादं अनपेक्षित काम खातातच.

आता कोणती गाडी? या बजेटमध्ये पहिल्यांदाच स्पोर्ट्स कार घेणाऱ्याला मी एमएक्स-५ सांगेन, आणि त्यातही तिची तिसरी पिढी, जिला इथे सगळे ‘एनसी’ म्हणतात (२००५ ते २०१५). वजन साधारण अकराशे किलो, सुटे भाग स्वस्त, आणि इंजिनाला टायमिंग बेल्टऐवजी चेन. १.८ आणि २.० अशी दोन इंजिनं आहेत. दोन लिटरवाली १६० पीएसची (म्हणजे साधारण तेवढ्याच हॉर्सपॉवरची) घ्या. शक्यतो २००९ नंतरची घ्या, कारण त्या वर्षीच्या बदलात क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा, फोर्ज्ड (घडवून जास्त मजबूत केलेला) झाला आणि इंजिन ७,५०० आरपीएमपर्यंत फिरू लागलं. कापडी टप की घडी होणारा कडक टप, यात मी कापडी घेईन. तो बसल्या जागेवरून एका हाताने मागे टाकता येतो आणि त्यात बिघडायला मोटर नसते. रस्त्यावर रात्रभर उभी राहणार असेल तर मात्र कडक टपाला अर्थ आहे.

त्याआधीची ‘एनबी’ (१९९८ ते २००५) हलकी आणि गोड गाडी आहे, पण तिचे पुढचे चेसिस रेल, म्हणजे सांगाड्याचे लांब पोकळ दांडे, आतून कुजतात. पत्रा दुहेरी असतो, दोन पदरांत पाणी अडकतं, आतला पदर आधी जातो आणि बाहेरून शिवणीजवळ नुसता फुगवटा दिसतो. दोन्ही बाजूंचं वेल्डिंग करायचं तर हजार पौंड सहज जातात. नवी ‘एनडी’ (२०१५ पासून) उत्तम आहे, पण या बजेटच्या बहुधा वरची.

टोयोटा जीटी८६ आणि तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड यांना टप उघडत नाही, पण मागे दोन छोट्या सीट आणि बऱ्यापैकी डिकी मिळते. लहान मूल असेल तर हाच खरा पर्याय. या किमतीत ती बरीच पळालेलीच मिळेल. २०१२-१३ च्या काही गाड्या व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलण्यासाठी कंपनीने परत बोलावल्या होत्या. त्या कामासाठी इंजिन बरंच उघडावं लागतं, म्हणून ते झालंय का, कुठे झालं आणि त्यानंतर गाडी किती पळाली, हे तिन्ही विचारा.

एमआर२ मध्ये इंजिन मध्यभागी असल्याने वळणावर मजा वेगळीच, पण सामान ठेवायला जागा जवळजवळ नाही. सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्या ऑईल पितात, आणि एक्झॉस्टमधला आधीचा छोटा कॅटॅलिस्ट (धूर स्वच्छ करणारा भाग) भुगा होऊन इंजिनात ओढला जाऊ शकतो. मागची सबफ्रेमही, म्हणजे सस्पेन्शन ज्यावर बसतं ती लोखंडी चौकटही, गंजते. बॉक्स्टरचा मोह सगळ्यात मोठा. घ्यायला स्वस्त, सांभाळायला पोर्शच. २००८ पर्यंतच्या इंजिनांत मधल्या शाफ्टचं बेअरिंग, म्हणजे इथले लोक ज्याला ‘आयएमएस’ म्हणतात ते, गेलं तर इंजिनच गेलं. असं प्रत्येक गाडीत होत नाही, पण होईल तेव्हा बिल गाडीच्या किमतीएवढं असतं. हाताशी तीन-चार हजार पौंड वेगळे नसतील तर तिच्याकडे वळू नका.

३५०झेड आणि मोठ्या इंजिनाच्या बीएमडब्ल्यू झेड४ बघताना नोंदणीची तारीख वाचा. २३ मार्च २००६ पासून नोंदलेल्या आणि किलोमीटरला २२५ ग्रॅमहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या गाड्यांना रोड टॅक्सचे सगळ्यात वरचे दर लागतात, वर्षाला सातशे पौंडांच्या वर. त्याच मॉडेलची आठवडाभर आधी नोंदलेली गाडी सुमारे तीनशे पौंड कमी भरते. जाहिरातीत ही गोष्ट कोणी लिहीत नाही.

घराबाहेर पडण्याआधीच निम्मी पारख होते. इथे तीन वर्षांहून जुन्या गाडीला दरवर्षी एमओटी चाचणी लागते. आपली पीयूसी धूर तपासते. एमओटीत गाडी लिफ्टवर चढते, ब्रेक, सस्पेन्शन, दिवे, टायर आणि गंज सगळं तपासलं जातं, आणि निकाल सरकारी संकेतस्थळावर नंबरप्लेट टाकून कोणालाही फुकट वाचता येतो. प्रत्येक वर्षाचं मायलेज, नापास होण्याची कारणं आणि ‘अॅडव्हायजरी’, म्हणजे आज चालेल पण लक्ष ठेवा अशा सूचना, सगळं तिथे असतं.

हे नीट वाचायला शिका. दोन वर्षं ओळीने ‘सिलला (दाराखालच्या लांब पत्र्याला) गंज’ आणि तिसऱ्या वर्षी काहीच नाही, तर दोनच शक्यता: वेल्डिंग झालं, किंवा वरून काळं डांबरी अंडरसील फासलं. वेल्डिंग झालं असेल तर बिल आणि फोटो असतात. ‘खालचा भाग अंडरसीलने झाकलेला’ अशी सूचना दिसली की मी दोनदा विचार करेन. वर्षाला दोन-तीनशे मैलच चाललेली गाडीही आपोआप चांगली ठरत नाही. उभ्या गाडीचे मागचे कॅलिपर, म्हणजे ब्रेक पॅड दाबणारे भाग, जाम होतात आणि टायर वयाने कडक होतात.

गाडीची कागदपत्रंही आपल्यापेक्षा वेगळी. व्ही५सी हे इथलं आरसी बुक, पण ते मालकीचा पुरावा नसतं. त्यावर फक्त नोंदलेला ‘कीपर’, म्हणजे गाडी सांभाळणारा, असतो. म्हणून गाडी विकणाऱ्याच्या घरीच बघा, पत्ता व्ही५सीवरचाच आहे ना ते जुळवा, आणि चेसिस नंबर काचेखाली व पत्र्यावर दोन्हीकडे तपासा. काही पौंड भरून कर्ज, चोरी आणि अपघाताचा अहवाल काढा. २०१७ च्या ऑक्टोबरपासून विमा कंपनीने निकाली काढलेल्या पण दुरुस्त होऊ शकणाऱ्या गाड्यांना ‘एस’ (सांगाड्याला मार) आणि ‘एन’ (सांगाडा शाबूत) असे शिक्के लागतात. एस शिक्क्याची गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. विकताना तुम्हालाच जड जाईल.

विम्याचा दर गाडी बघायला जाण्याआधी काढा. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून बारा महिनेच चालवता येतं. त्यानंतर थिअरी आणि प्रॅक्टिकल परीक्षा देऊन इथलं लायसन्स काढावं लागतं. विमावाले इथलं लायसन्स किती जुनं हे विचारतात, त्यामुळे आपल्याकडची पंधरा वर्षांची सवय बऱ्याचदा मोजलीच जात नाही आणि नव्या लायसन्सवर आकडा डोळे पांढरे करणारा येतो. गाडीला आधीच्या मालकाने बसवलेला सायलेन्सर किंवा खाली केलेलं सस्पेन्शन असेल तर तेही कळवावं लागतं. लंडनमध्ये राहणाऱ्यांनी यूलेझही, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावणारा विभागही, बघावा. साधारण २००६ पूर्वीची पेट्रोल गाडी नियमात बसत नसेल तर ती तिथे चालवाल त्या प्रत्येक दिवशी १२.५० पौंड, आणि ऑगस्ट २०२३ पासून हे लंडनच्या सगळ्या बरोंना (महापालिका विभागांना) लागू आहे.

आता प्रत्यक्ष गाडीपाशी. सोबत टॉर्च, जुनी चटई, फडक्यात गुंडाळलेलं फ्रिजवरचं पातळ चुंबक आणि अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली न्या. दिवस कोरडा निवडा, कारण ओल्या रंगावर दोष दिसत नाहीत. विकणाऱ्याला आधीच सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. गेल्यावर बोनेटला हात लावा. ते गरम असेल तर थंड इंजिनाचा आवाज आणि पहिला धूर तुम्हाला दिसणार नाही.

एनसीच्या मागच्या चाकासमोर गुडघे टेका. दाराखालचा लांब पत्रा, सिल, जिथे चाकाच्या कमानीला मिळतो तो वीतभर भाग म्हणजे गाडीची नाडी. बोटाच्या पेराने ठोका. चांगला पत्रा खणखणीत बोलतो, कुजलेला भद्द वाजतो. चुंबक सरकवत न्या. ते कुठे सुटलं तर रंगाखाली पुट्टी भरली आहे. कमानीच्या आतल्या कडेवर बोट फिरवा, पापुद्रे लागतात का बघा. मग टप अर्धा उघडा. सीटच्या मागे, बेल्टच्या खांबाच्या बुडाशी, टपाच्या रबराखालून पावसाचं पाणी वाहून नेणारं भोक दोन्ही बाजूंना असतं. त्यात हळूहळू पाणी ओता. काही सेकंदांत ते मागच्या चाकासमोर जमिनीवर टपटपलं पाहिजे. नाही टपटपलं तर भोक पाचोळ्याने तुंबलंय आणि ते पाणी आतल्या गालिच्याखाली किंवा सिलमध्ये मुरतंय. या गाड्या बाहेरून जेवढ्या गंजतात तेवढ्याच अशा आतून गंजतात. सीटमागचा गालिचा दाबून बघा, ओल हाताला लागते.

बोनेटखाली दोन गोष्टी. एक, डिपस्टिक: या इंजिनात ऑईल कमी असताना ताणून चालवलं तर बेअरिंग जातात, म्हणून पातळी खालच्या खुणेवर असेल तर मालकाने गाडी कशी ठेवली ते कळलं. दुसरी, कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, प्लॅस्टिक टाकी. ती तपकिरी पडली असेल तर लवकरच तडकेल. भाग स्वस्त आहे, पण हायवेवर फुटली तर इंजिन तापून हेड जातं. भावात घासाघीस करायला हा मुद्दा उपयोगी.

टायरवर चार आकडी शिक्का असतो. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. खाचेची कायदेशीर किमान खोली १.६ मिमी, पण आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा जास्त झिजली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडलंय. इथे मेख अशी की एमएक्स-५ च्या खालच्या आर्मचे (चाक धरणाऱ्या दांड्याचे) अॅडजस्टमेंट बोल्ट मिठाने बुशमध्येच, म्हणजे त्याच्या रबरी सांध्यातच, जाम होतात. मग साधं अलाइनमेंट राहत नाही, बोल्ट कापून आर्म किंवा बुश बदलावे लागतात. गेल्या वर्षीच्या अलाइनमेंटचा छापील कागद दाखवणारा मालक भेटला तर त्याच्या गाडीला शंभर-दोनशे पौंड जास्त देण्यात काही वावगं नाही.

चालवताना रेडिओ बंद. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये जरा चपळाईने टाकून बघा, खरखर आली तर सिंक्रो (गिअर अलगद जुळवणारी कडी) झिजले आहेत. गिअरबॉक्स थंड असताना थोडा अडतो, ते चालतं. पाचव्या गिअरमध्ये चाळीस मैलांच्या वेगाला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढतात पण वेग नाही, तर क्लच घसरतोय. थांबल्यावर चारही चाकांजवळ तळहात न्या. एखादं इतरांपेक्षा बरंच गरम असेल तर तिथला कॅलिपर अडकलाय. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय, गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे कूलंट.

डीलरकडून घेतली तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने सदोष गाडी तीस दिवसांत परत करता येते. खासगी विक्रीत ती सोय नाही, म्हणून भाव कमी. मनात शंका राहिली तर त्याच मॉडेलचं काम करणाऱ्या स्वतंत्र गॅरेजला शे-दोनशे पौंड देऊन गाडी लिफ्टवर चढवून घ्या. मालक त्याला नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

व्यवहार ठरला की व्ही५सीची नव्या कीपरची हिरवी चिठ्ठी घ्या. आधीच्या मालकाने भरलेला रोड टॅक्स गाडीबरोबर येत नाही. त्या चिठ्ठीवरच्या नंबराने तिथेच फोनवर टॅक्स भरा, विमा सुरू करा, मगच गाडी हलवा. पहिल्या आठवड्यात ऑईल आणि फिल्टर, आणि ब्रेक फ्लुइड कधी बदललंय ते माहीत नसेल तर तेही. मग उन्हाळ्यातले कोरडे चार दिवस साधून गाडीचं पोट पाण्याने स्वच्छ धुवा, पूर्ण वाळू द्या, आणि सिलच्या रबरी बुचांतून आत पातळ मेण फवारून घ्या. खाली जुने पेपर पसरून ठेवा, रात्रभर ते थेंब थेंब गळत राहतं. पाणी वाहून नेणारी भोकं मोकळी आहेत का, हे ऑक्टोबरात मिठाचे ट्रक निघण्याआधी पुन्हा बाटलीभर पाणी ओतून बघा.