उष्टा डाव

२०२४ साली नरक चतुर्दशी आणि हॅलोविन, म्हणजे अमेरिकेतल्या पोरांचा सोंगं घेऊन घरोघर चॉकलेटं मागायचा सण, एकाच दिवशी आले. पहाटे उटणं लावून आंघोळ झाली. न्यू जर्सीत कारीट कुठून आणणार, म्हणून बाथरूमच्या दारात एक चेरी टोमॅटो अंगठ्याखाली चिरडून नरकासुराचा निकाल लावला. इथल्या घड्याळाप्रमाणे लक्ष्मीपूजनही त्याच संध्याकाळी येत होतं म्हणे, पण आमच्या फ्रिजवर सांगलीहून आलेली दिनदर्शिका आहे आणि तिच्यात ते १ नोव्हेंबरला होतं. आम्ही सांगलीचं ऐकलं. सणाच्या तारखेचा घोळ फक्त आपल्याकडेच होतो असंही नाही. २०१२ साली सँडी वादळानंतर इथल्या गव्हर्नरांनी हुकूम काढून अख्खं हॅलोविन ५ नोव्हेंबरला ढकललं होतं. पंचांग नाही, शास्त्रार्थ नाही, एक सही आणि काम फत्ते.

तर दुपारी मी सोऱ्या धूत होतो. खिडकीतून दिसलं, समोरचे शेजारी गॅरेजमधून कपाटाएवढं काहीतरी एकटेच ढकलत बाहेर आणतायत. हात पुसून गेलो. ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी तरी मोठे. इथल्या रिवाजाप्रमाणे त्यांना नुसत्या नावाने हाक मारायची, पण त्याला माझी जीभ अजून वळत नाही. त्यामुळे मी त्यांना हाकच मारत नाही, जवळ जाऊन खाकरतो. खाकरलो. त्यांनी मान हलवली आणि दोघांनी मिळून पॅक-मॅन, म्हणजे नाणं टाकून खेळायचा जुना व्हिडिओ गेम, उंबऱ्यापर्यंत आणला.

आत आणखी तीन होते. गॅलागा, डाँकी काँग आणि तो चेंडू फिरवून खेळायचा सेंटिपीड. सगळी १९८०-८१ची पिढी. लाकडी कपाटं, त्यांच्या पोटात जुन्या टीव्हीची जाडजूड पिक्चर ट्यूब, आणि खाली नाणी टाकायचं लोखंडी दार. दारावर पंचवीस सेंटचा आकडा लिहिलेली दोन लाल बटणं, आतून दिवा लागून निखाऱ्यासारखी दिसणारी. आजोबांनी (इथे लिहिताना तरी आजोबा म्हणतो) किल्लीने ते दार उघडून दाखवलं. नाणं घरंगळत येतं आणि एका तारेला टेकतं, तार खाली दबते, आणि मशीनला कळतं की पैसे आले. बास, एवढंच. लहानपणी मला वाटायचं की आत कोणीतरी मोजतंय.

हॅलोविनला त्यांचा पाहुणचार असा. सगळी मशीन फुकटावर लावायची, गॅरेज सताड उघडं टाकायचं, आणि गल्लीतल्या पोरांनी चॉकलेटं घेऊन हवं तेवढं खेळायचं. इथे पोर्चचा दिवा लावलेला असला की या घरी यायला हरकत नाही असा संकेत असतो. त्यांच्याकडे दिव्याची गरजच नव्हती. अंधार पडला तसा त्या पडद्यांचा निळाजांभळा उजेड रस्त्यापर्यंत आला आणि पोरं आली. चेटकिणी, सांगाडे, एक डायनोसोर, शेपटी दारात अडकवून बसलेला.

आणि इथेच माझी पंचाईत झाली.

पोरं स्टार्ट दाबायची, एक लाइफ घालवायची आणि पुढच्या घरी पळायची. पुढच्या घरी मोठी चॉकलेटं होती, त्यांचं काहीच चुकत नव्हतं. पण मागे पडद्यावर दोन-दोन लाइफ शिल्लक, गोळे खायचे राहिलेले, आणि पॅक-मॅन कोपऱ्यात तोंड उघडं टाकून बसलेला. मला ते बघवेना. पानात टाकलेल्या भातासारखं वाटत होतं. शेवटी मी पुढे झालो आणि ते उरलेले डाव संपवायला लागलो. एक झाला की शेजारचा. आजोबा हसले. त्यांना वाटलं मला खेळायची हौस आहे.

हौस नव्हती, जुनी सवय होती. सांगलीत आमच्या शाळेमागच्या बोळात एक व्हिडिओ गेम पार्लर होतं. पार्लर म्हणजे पत्र्याची खोली, तीन मशीन आणि एक टेबलफॅन, तोही मालकाच्या तोंडावर. एका रुपयाला एक डाव. माझ्याकडे रुपया क्वचित असायचा, त्यामुळे मी मागे उभा राहणाऱ्यांतला. मागे उभं राहणं ही कमी दर्जाची गोष्ट होती असं कोणी समजू नये. खेळणाऱ्याला ‘मागून आला, मागून आला’ हे सांगायचं काम आमचं. आणि कोणाची आई बोळाच्या तोंडाशी दिसली की तो पळायचा आणि उरलेल्या लाइफ मागच्याला मिळायच्या. त्याला आम्ही उष्टा डाव म्हणायचो. उष्टं कोणी नाकारत नसे.

गॅरेजमध्ये आजोबा मला पॅक-मॅनच्या मागे लागणाऱ्या भुतांचे स्वभाव सांगत होते. लाल भूत थेट पाठलाग करतं. गुलाबी तुमच्या चार घरं पुढे जाऊन वाट अडवायला बघतं. केशरी जवळ येतं, आठ घरांच्या आत आलं की बावचळतं आणि आपल्या कोपऱ्यात परत जातं. (केशरी मला फार जवळचं वाटलं. इथे कोणाच्या दारात जायचं झालं की माझं हेच होतं.) पहिल्या लेव्हलला सुरुवातीची सात सेकंदं भुतं तुमचा नाद सोडून आपापल्या कोपऱ्यात फिरतात, मग वीस सेकंदं पाठलाग, मग पुन्हा सुट्टी. आणि हा गेम कधीच धड संपत नाही. लेव्हलचा आकडा मशीनच्या एका बाइटमध्ये ठेवलेला, त्यात २५५च्या पुढे जागाच नाही. २५६वी लेव्हल आली की पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या आणि चिन्हांच्या कचऱ्याने भरून जातो. चाळीस वर्षांपूर्वीचं मशीन, त्याचाही डाव अर्ध्यावरच.

आमच्या बोळात मात्र पॅक-मॅन नव्हता. तिथे १९९३चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स होता, आणि ते नाव कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही त्याला मुस्तफा म्हणायचो. चार खेळाडूंतला पिवळ्या टोपीचा, सगळ्यांत चपळ तो मुस्तफा, आणि तो घेण्यावरून मारामाऱ्या. वर्गातला माझा एक मित्र नेहमी तोच घ्यायचा. त्याच्याकडे रुपये असायचे. मी मागे उभा.

एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, तो खेळत होता आणि त्याचे काका आत आले. ओरडले नाहीत, कान धरला नाही. त्याच्या खांद्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले. त्याने स्टिक सोडली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “घे, दोन आहेत.”

मला बाकी काही दिसलंच नाही. मुस्तफा हातात आला होता, दोन लाइफ. मी इतका चांगला कधीच खेळलो नव्हतो. गाडी चालवायला मिळते त्या लेव्हलपर्यंत पोचलो, मोटरसायकलवाले धडाधड उडवले, मालकसुद्धा खुर्चीतून उठून बघायला आला. घरापर्यंत पळत आलो. आई दारातच होती. मी एका दमात सगळं सांगितलं, मुस्तफा, गाडी, दोन लाइफ, कोणाच्या ते पण.

ती मित्राकडेच निघाली होती. त्याचे वडील सकाळी गेले होते. तिने माझं सगळं ऐकून घेतलं, चपला घातल्या, आणि मला म्हणाली, “हातपाय धू. तुलापण यायचंय.”