मामांच्या नंबराचा व्ह्यूफाइंडर

घरात एकच हँडीकॅम असला की व्ह्यूफाइंडरजवळची, म्हणजे डोळा लावून बघायच्या नळकांड्याजवळची, ती चिमुकली दांडी कधी एका जागी राहत नाही. मामांना लांबचं दिसत नाही, आईला चाळिशी लागलेली, आणि भाच्याला काही नंबर नसला तरी हात गप्प बसत नाहीत. मग पुढचा माणूस डोळा लावतो आणि ओरडतो, "अरे, धूसर दिसतंय!" लगेच कुणीतरी धोतराच्या सोग्याने लेन्स पुसायला घेतं. लेन्सचा त्यात काडीचा दोष नसतो. ती दांडी हलवते ते भिंग फक्त बघणाऱ्याच्या डोळ्यासाठी असतं. टेपवर काय उमटतंय त्याच्याशी त्याचा संबंध नाही.

दांडी लावायची कशी, यावर माझं मत ठाम आहे. समोरच्या, आमच्या नाशिकच्या गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून लावू नये. लेन्सचाच फोकस चुकला असेल तर दांडी कितीही सरकवा, मारुतीराया काही स्पष्ट व्हायचे नाहीत. बघायचं ते कोपऱ्यातल्या अक्षरांकडे, म्हणजे स्टँडबाय, बॅटरी, टेपची मिनिटं. ती सुरेख कोरलेली दिसली की थांबायचं. चष्मा लावून शूटिंग करणार असाल, तर दांडीही चष्मा लावूनच बसवा.

"बाजूचा पडदा असताना एका डोळ्याचा हा खटाटोप कशाला?" असं विचारणाऱ्याने वैशाखात भर दुपारी रामकुंडावर तो पडदा उघडून बघावा. गोदावरीऐवजी स्वतःचंच घामेजलं तोंड दिसतं. पडदा मिटला, व्ह्यूफाइंडर मागे ओढून जरा वर उचलला की पुन्हा घाट, छत्र्या, पिंडदानाची गडबड. बॅटरीही कमी खाल्ली जाते. शिवाय दोन हातांना भुवईचा तिसरा टेकू मिळतो, म्हणून चित्र कमी हलतं. एकच पथ्य: व्ह्यूफाइंडरचं मागचं तोंड उन्हाकडे करून कॅमेरा कठड्यावर ठेवू नये. भिंगातून ऊन एकवटतं आणि आतला इवलासा पडदा जळतो.

जुन्या कॅमेऱ्यांत तर हा पडदा कृष्णधवल असायचा. रंगपंचमीला नाशकात रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे हौद, उघडतात; तिवंध्याची रहाड असो की शनि चौकातली, प्रत्येकीचा रंग वेगळा. व्ह्यूफाइंडरात सगळ्या राखाडी! तरी मुरलेले शूटिंगवाले त्याच्यावरच खूश असत, कारण रंगांची भूल नसल्याने फोकस चटकन कळतो.

डोळ्यांचा विषय निघाला की नाशिककराला फाळके आठवणारच. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या या माणसाला सिनेमाच्या ध्यासापायी काही काळ दिसेनासं झालं होतं. उपचारांनी दृष्टी आली आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. तिथे हँडीकॅम घेऊन गेलं की आमच्यात हमखास वाद होतो, आधी कुणी बघायचं यावर.

त्यात आमच्या आत्याबाई डावखुऱ्या डोळ्याच्या. त्या डोळ्याभोवतीचं रबर उलट्या बाजूला फिरवून घेतात, दांडी टोकाला नेतात, आणि कॅमेरा मामांच्या हातात देऊन म्हणतात, "घ्या, आता छान दिसतंय."