संन्याशाला फाशी देण्याआधी: इंटरकूलरची चौकशी

मंडळी, मागच्या नोंदीत मी जवळजवळ जाहीरच करून टाकलं होतं की इंटरकूलर (टर्बोने दाबून तापवलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारा रेडिएटर) गेला, आता मोठा बसवायचा. ते शब्द परत घेतो. सहा शनिवार-रविवार खर्ची पडले, हाताची सालं निघाली आणि शेवटी जे सापडलं ते भलतंच.

गाडी तीच, चार सिलिंडरची टर्बो डिझेल (टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर), मूळ बूस्टवर, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा टर्बो जो जास्तीचा दाब देतो त्यावर, चालणारी. तक्रारही तीच. लांब चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की मागे काळा धूर, ओढ कमी आणि कधीमधी चेक इंजिनचा दिवा. स्कॅनरवर कोड पी०२९९, म्हणजे बूस्ट अपेक्षेपेक्षा कमी. शिवाय स्कॅनरवर आत जाणाऱ्या हवेचं तापमान मला नेहमीपेक्षा चढं दिसत होतं. गरम हवा म्हणजे इंटरकूलर नीट काम करत नाही, असा सरळ हिशोब मी केला होता. सरळ आणि चुकीचा.

आधी थोडं गणित

नवीन आलेल्यांसाठी सांगतो, जुन्यांनी पुढे सरकावं. हवा दाबली की तापते. आमच्या गाडीत पूर्ण लोडवर साधारण १.१ बार बूस्ट येतो, म्हणजे टर्बो हवेचा दाब २.१ पट करतो. बाहेर ३१ अंश असेल तर अगदी आदर्श कॉम्प्रेसरमधूनही हवा १०३ अंशांच्या आसपास बाहेर पडेल. खरा कॉम्प्रेसर आदर्श नसतो. त्याची कार्यक्षमता ७२ टक्के धरली तर आकडा १३१ वर जातो. दाब वाढला तरी तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे सिलिंडरमध्ये ऑक्सिजन त्या प्रमाणात भरत नाही. तीच हवा १३१ वरून ५३ अंशांवर आणली की त्याच दाबाला तिची घनता सुमारे २४ टक्क्यांनी वाढते. इंटरकूलरचं सगळं मोल या २४ टक्क्यांत आहे. पेट्रोलवाल्यांना आणखी एक फायदा म्हणजे थंड हवेमुळे नॉकिंग (इंधनाचा अवेळी भडका) लांब राहतं. १९७८ मध्ये पोर्शेने ९११ टर्बोचं इंजिन ३.० वरून ३.३ लिटरचं केलं आणि इंटरकूलरही दिला, तेव्हा ताकद २६० वरून ३०० पीएसवर गेली. त्यातला वाटा अर्थात दोघांचा.

नावाबद्दलही एक. ‘इंटर’ म्हणजे दोन टप्प्यांच्या मधला. एका कॉम्प्रेसरने दाबलेली हवा दुसऱ्यात जाण्याआधी थंड करायची, तो खरा इंटरकूलर. आपल्या गाड्यांत एकच टप्पा असतो, तेव्हा काटेकोरपणे त्याला आफ्टरकूलर म्हणायला हवं. पण ही लढाई केव्हाच हरलेली आहे.

पहिले दोन रविवार: थर्मामीटर लावला

अंदाज पुरे झाले म्हणून दोन के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारे तारेचे सेन्सर) बसवले. एक टर्बोकडून येणाऱ्या गरम बाजूच्या धातूच्या पाइपात, दुसरा इंटरकूलरनंतर थंड बाजूला. भोक पाडताना धातूचा कीस आत पडू नये म्हणून पाइप काढूनच पाडलं. हे सांगायला नको, पण सांगतो.

चढावरचं रीडिंग: बाहेर ३२, इंटरकूलरच्या आधी १४८, नंतर ५८.

५८ बघून मी खूश झालो, कारण माझा आरोप सिद्ध झाला होता. रात्री झोपताना मात्र तो १४८ डोक्यात घोळायला लागला. उठून हिशोब केला. इंटरकूलरची कार्यक्षमता काढायची तर त्याने किती अंश उतरवले, भागिले जास्तीत जास्त किती उतरवता आले असते. १४८ उणे ५८ म्हणजे ९०. १४८ उणे ३२ म्हणजे ११६. उत्तर ७८ टक्के. कंपनीच्या साध्या इंटरकूलरसाठी हे अजिबात वाईट नाही. बिचारा आपलं काम चोख करत होता, त्याच्याकडे हवाच जास्त तापून येत होती. मग टर्बो इतकी मेहनत कशासाठी करत होता?

तिसरा शनिवार: गळती, आणि माझी फजिती

पीव्हीसीच्या टोपणाला ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवून टर्बोच्या तोंडाला लावला आणि कॉम्प्रेसरने हवा भरली. जेमतेम अर्धा बार झाला असेल, तोच ऑइलची डिपस्टिक टुणकन वर आली. ब्रीदरची (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर नेणारी) नळी टर्बोच्या आधीच्याच पाइपात येते हे विसरलो होतो, त्यामुळे सगळी हवा क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या तेलाच्या पोटात, शिरत होती. याच्या वर दाब नेला असता तर ऑइल सील गेले असते. तुम्ही ही टेस्ट करणार असाल तर ब्रीदर आधी बंद करा, किंवा मी नंतर केलं तसं टर्बोच्या आउटलेटपासून इंजिनच्या तोंडापर्यंतचा भागच दोन्हीकडून बूच मारून वेगळा तपासा.

दुसऱ्या प्रयत्नात १ बार भरला आणि साबणाचं पाणी फवारलं. क्लॅम्प कोरडे, जोड कोरडे. मग थंड बाजूच्या होजच्या वळणाखाली हात घातला तर बोटांना वारा लागला. आरसा धरून बघितलं तर दोन बोटं लांबीची चीर, फेसाने भरलेली. हवा सोडली की चीर मिटायची आणि रबर अखंड वाटायचं. याच होजवरून मी आधी किमान चार वेळा हात फिरवला असेल.

आता सगळी साखळी जुळली. एअर फ्लो मीटर मोजतो ती सगळी हवा इंजिनात पोचत नाही, पण डिझेल मात्र मोजलेल्या हवेच्या हिशोबाने फवारलं जातं. म्हणून काळा धूर. पुढे मॅनिफोल्डवरच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपावरच्या) सेन्सरला बूस्ट कमी दिसतो, मग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, टर्बोच्या पात्या आणखी मिटवून त्याला जास्त पळवतो. जास्त हवा, जास्त वेग, कॉम्प्रेसर आपल्या सोयीच्या पट्ट्याबाहेर, म्हणून १४८ अंश. चोर होता होज, आणि मी फास आवळत होतो इंटरकूलरभोवती.

चौथा आणि पाचवा आठवडा: बंपर खाली

रबर आतून मऊ आणि फुगलेलं होतं, तेलात मुरलेलं. बूस्ट पाइपात तेलाचा पातळ ओशट थर असतोच, त्याने घाबरू नये. पण इंटरकूलर काढून उभा केला तर खालच्या टाकीतून अर्धी वाटी तेल निघालं. ते मात्र जास्त झालं. टर्बोच्या शाफ्टला आडवा किंचित हलका खेळ, पुढे-मागे काहीच नाही, म्हणजे टर्बो ठीक. ब्रीदरच्या वाफेतलं तेल वेगळं करणारा ऑइल सेपरेटर चोंदलेला निघाला. तो बदलला.

कोअर (इंटरकूलरचा मधला जाळीदार भाग) आतून रॉकेलने दोनदा खंगाळला, मग साबण आणि गरम पाणी. कॉस्टिकवालं क्लीनर अ‍ॅल्युमिनियमला खातं, ते लांबच ठेवा. आणि वाळवण्यात कंजुषी करू नका. आत राहिलेलं तेल किंवा रॉकेल डिझेल इंजिन इंधन म्हणून ओढून घेतं. तसं झालं तर किल्ली काढली तरी इंजिन थांबेलच याचा भरवसा नाही. मी तीन दिवस उभा-आडवा करून वाळवला.

मग दोन्ही तोंडं बंद करून पाण्याच्या टबात बुडवला. प्लॅस्टिकची टाकी जिथे अ‍ॅल्युमिनियमच्या कोअरवर दुमडून बसवलेली असते तिथे, एका कोपऱ्यातून, दर सात-आठ सेकंदांनी एक बुडबुडा. या जोडातलं रबर कालांतराने कडक होतं, हे दुखणं सगळीकडे दिसतं. काही जण पक्कडीने ते दात पुन्हा आवळतात. मी हात लावला नाही. इतक्या गळतीने काही बिघडत नाही, आणि एक दात तुटला तर काम वाढतं.

बाहेरच्या बाजूने फिनमध्ये (कोअरच्या पातळ पत्र्यांमध्ये) चिखल आणि किड्यांचा थर होता. मागून पुढे हलक्या धारेने धुतला, वाकलेल्या फिन कंगव्याने सरळ केल्या. कडेची फोमची पट्टी गायब होती, बहुधा कधीतरी बंपर काढला तेव्हा गेली. ती गेली की समोरची हवा कोअरमधून जायचे कष्ट न घेता बाजूने पळ काढते. नवीन पट्टी चिकटवली.

सहावा रविवार: पुन्हा तोच चढ

नवीन होज, कापडाचे थर असलेला. बाहेर ३१, आधी १३१, नंतर ५३. कार्यक्षमता पुन्हा ७८. फिन धुऊन एखादा टक्का तरी वाढेल अशी आशा होती, पण नाही वाढला. धूर गेला, कोड परत आलेला नाही.

एक गंमत थर्मोकपलमुळे दिसली. दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून गाडी उभी केली तर इंटरकूलरनंतरची हवा ६६ अंशांपर्यंत चढली, आणि चालू लागल्यावर खाली यायला मिनिटभर लागला. बॉनेटखाली, इंजिनच्या डोक्यावर इंटरकूलर असणाऱ्यांना हे किती भोवत असेल याची कल्पना आली.

मोठ्या इंटरकूलरचा बेत रद्द. बूस्ट वाढवायचा नसेल तर त्याने दोन-चार अंश उतरतील, त्याबदल्यात भरायला जास्त पोकळी आणि बंपरमध्ये कापाकापी. ज्यांनी ताकद वाढवायला ईसीयूचा मॅप (त्यातली सेटिंग) बदललाय त्यांचं गणित वेगळं, पण त्यांनीही आधी आपले आकडे काढावेत.

थर्मोकपल तसेच ठेवलेत. हजार किलोमीटर झाले की थंड बाजूचा होज उघडून आतून पांढरं फडकं फिरवणार आहे. फडकं नुसतं ओशट निघालं तर सेपरेटरचं काम झालं. चिंब निघालं तर टर्बो खाली उतरेल, आणि पुढची नोंद लांबलचक असेल.