धुऱ्यावरचा साग आणि आठ झाडांचा फरक : माझा अनुभव

वडिलांनी धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) लावलेली सागाची १९ झाडे तोडून नव्या घराच्या चौकटी करायच्या आणि उरलेले लाकूड विकून विहिरीचे बांधकाम पूर्ण करायचे, असे आम्ही ठरवले होते. नागपूरच्या मेहुण्यांनी वृक्ष प्राधिकरणाकडे जाण्यास सांगितले. परंतु ते प्राधिकरण १९७५ च्या शहरी कायद्यातले आहे. आमच्यासारख्या चंद्रपूर जिल्ह्यातील खेड्यात मालकीच्या सागाला १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा लागतो आणि अर्ज वन विभागाकडे करावा लागतो.

दिवाळीनंतर अर्ज दिला आणि तो एका आकड्यावर अडला. सातबाऱ्यावर सागाची ११ झाडे होती, वावरात १९. वन कार्यालयाने महसूलची नोंद दुरुस्त करून आणण्यास सांगितले, तर महसूल कार्यालयाने वनरक्षकाने मोजलेली यादी मागितली. तूर निघाली, चणा निघाला, तरी मी या दोन दारांमध्येच फिरत होतो आणि प्रत्येक खेपेला दिवसाची मजुरी बुडत होती. आमचे वावर जंगलाला लागून असल्यामुळे शंका घेणे त्यांचे कामच आहे, हे मला मान्य आहे. पण ‘ही आठ झाडे जंगलातली तर नाहीत?’ असे एका लिपिकाने विचारले, तेव्हा डोक्यावर घागरी वाहून त्या रोपांना पाणी घालणारे वडील डोळ्यांसमोर आले आणि मला फार वाईट वाटले. चार महिने दोन्हीकडे तोंडी उत्तरे मिळत होती, हीच खरी अडचण होती. अखेर मी संयुक्त पाहणीची लेखी मागणी केली, मोजणीचा नकाशा जोडला, प्रत्येक अर्जाची प्रत दुसऱ्या कार्यालयाला दिली आणि दोन्हीकडे आवक शिक्क्यासह पोच घेतली. त्यानंतर नवव्या दिवशी तलाठी आणि वनरक्षक एकत्र वावरात आले, हद्द पाहिली, छातीच्या उंचीवर प्रत्येक झाडाची गोलाई मोजली आणि पंचनाम्यात १९ झाडे लिहिली.

ज्यांना पुढे झाडे तोडायची असतील त्यांनी ई-पीक पाहणीच्या (सातबाऱ्यावर पिके व झाडे नोंदवण्याच्या) ॲपमध्ये बांधावरची झाडे आजच नोंदवावीत. ही सोय मला आधी माहीत असती तर आमचे चार महिने वाचले असते.

तोडीच्या परवानगीचा आदेश हाती आला तेव्हा मृग लागला होता. पऱ्हाटीची (कपाशीची) लावण झाल्यावर वावरातून गाडी नेता येत नाही, म्हणून मुदतवाढ घेऊन झाडे पुढच्या फेब्रुवारीत तोडली. असा उशीर टाळण्यासाठी तोडीचा अर्ज पावसाळा संपताच द्यावा. तोडल्यावर खुंटांवर व नगांवर (ओंडक्यांवर) वन विभागाच्या हातोड्याचा ठसा उमटवून घ्यावा आणि वाहतूक परवाना मिळेपर्यंत एकही नग गाडीत चढवू नये. आंबा, चिंच, जांभूळ आणि मोह ही झाडेही याच कायद्याच्या यादीत आहेत, त्यामुळे स्वतःच्या वावरातला मोह तोडण्यापूर्वीसुद्धा परवानगी घ्यावी लागते.